भाजलेला रुग्ण व्हेंटिलेटरवर: कोकणातल्या आयसीयूत नव्याने रुजू झालेल्या डॉक्टर आणि सिस्टरांसाठी

भाजलेल्या रुग्णाला लावायचं मशीन वेगळं नसतं. न्यूमोनियाच्या रुग्णाला लावता तेच, आणि आकडेही बरेचसे तेच. वेगळ्या असतात त्या अडथळ्याच्या जागा. घसा सुजून बंद होतो. खाली श्वासनलिकांत काजळी, रक्त आणि सुटलेलं अस्तर मिळून बुचं बसतात. वरून छातीची जळालेली कातडी सुकलेल्या चामड्यासारखी आवळते. शेवटच्या दोन्ही वेळा स्क्रीनवर अलार्म मात्र एकच येतो, ‘हाय प्रेशर’. नवा माणूस अलार्मची मर्यादा वाढवतो किंवा टायडल व्हॉल्यूम (दर श्वासाला आत जाणारी हवा) कमी करतो, आणि अडथळा जागच्या जागी राहतो. म्हणून आधी अडथळा कुठे आहे ते शोधायचं आणि मगच नॉबला हात लावायचा. पुढचं सगळं त्याच क्रमाने लिहिलं आहे.

कोकणात आणखी एक अडचण आहे. बर्न सेंटर लांब असतं. रायगडचा रुग्ण ऐरोलीला किंवा मुंबईला जातो, रत्नागिरीचा आंबा घाटाने किंवा चिपळूणहून कुंभार्ली घाटाने वर जातो, सिंधुदुर्गचा गोव्यात बांबोळीला नाहीतर कोल्हापूरला. पावसाळ्यात दरड आली की तेही बंद. त्यामुळे पहिले बारा ते चोवीस तास बहुतेक वेळा तुमच्याच हातात असतात, आणि रुग्णाचं बरंचसं बरंवाईट तेवढ्यातच ठरतं.

दारात आल्यावर

पहिला प्रश्न ‘किती टक्के भाजला’ हा नसावा. ‘कुठे भाजला, बंद जागेत की उघड्यावर’ हे आधी विचारा. अंगणात पाचोळा पेटवताना भाजलेला माणूस आणि ट्रॉलरच्या केबिनमध्ये स्टोव्हचा भडका उडून भाजलेला माणूस यांचे टक्के सारखे असले तरी दुसऱ्याच्या फुप्फुसात धूर गेलेला असतो. दार लावलेली न्हाणी, बोटीची इंजिन रूम, काजू भाजण्याची खोली, लोटे-परशुराम किंवा महाडच्या औद्योगिक वसाहतीतलं शेड, या सगळ्या ‘बंद जागा’ धरा.

पदार्थ कोणता होता, हेही विचारा. काजूच्या टरफलाचं तेल कातडी जाळतं आणि त्याचा धूर श्वासनलिकेला झोंबतो. बर्फाचा कारखाना किंवा मासळी प्रक्रिया केंद्र असेल तर अमोनियाचा संशय धरा. तो पाण्यात पटकन विरघळतो, म्हणून ओल्या घशावर आणि डोळ्यांवर आधी हल्ला करतो आणि घसा फार लवकर सुजतो. बॉयलरच्या वाफेने भाजलेल्याला कमी लेखू नका. कोरडी गरम हवा घशातच थंड होते, पण वाफेत उष्णता कितीतरी जास्त असते आणि ती स्वरयंत्राच्या खालपर्यंत भाजू शकते. कारखान्याचा रुग्ण असेल तर सोबत आलेल्या सुपरवायझरला रसायनाच्या सुरक्षा माहितीपत्रकाचा फोटो मागवायला सांगा, आणि कपडे आधी उतरवा.

मग तोंडात टॉर्च मारा. नाकातले केस जळलेले, जिभेवर किंवा घशात काजळी, काळी थुंकी, घोगरा आवाज, आवाजासह आत जाणारा श्वास, गुंगी किंवा बडबड. यातला घोगरा आवाज आणि श्वास घेतानाची शिट्टी ही धोक्याची लक्षणं. छातीचा एक्स-रे पहिल्या दिवशी बहुधा स्वच्छ येतो, त्यावर विसंबू नका. आत नक्की काय झालंय ते ब्रॉन्कोस्कोपीत (श्वासनलिकेत दुर्बीण घालून) दिसतं, पण ती नसली म्हणून निर्णय अडत नाही.

सॅचुरेशन ९९ टक्के दिसतंय म्हणून निर्धास्त होऊ नका. धुरातला कार्बन मोनॉक्साइड हिमोग्लोबिनला चिकटला की साधा पल्स ऑक्सिमीटर त्यालाच ऑक्सिजन समजतो. साध्या एबीजीत (धमनीतल्या रक्ताच्या वायूंच्या तपासणीत) येणारा ऑक्सिजनचा दाबही चांगलाच येतो. को-ऑक्सिमेट्री, म्हणजे कार्बन मोनॉक्साइड वेगळा मोजायची सोय, असलेलं मशीन असेल तर आकडा घ्या. नसेल तर बंद जागेतल्या प्रत्येक रुग्णाला विषबाधा झालीच आहे असं समजून रिझर्व्हॉयर मास्कने किंवा ट्यूबमधून (तोंडातून श्वासनलिकेत घातलेल्या नळीतून) १०० टक्के ऑक्सिजन द्या, साधारण ६ तास. साध्या हवेत हा वायू निम्मा व्हायला ४ ते ५ तास लागतात, १०० टक्के ऑक्सिजनवर तेच काम तास-सव्वा तासात होतं. दहा मिनिटांत सॅचुरेशन चांगलं दिसलं म्हणून ऑक्सिजन ४० टक्क्यांवर आणणं ही नव्या माणसाची ठरलेली चूक.

रक्तदाब पडलेला, माणूस बेशुद्ध आणि रक्तातलं लॅक्टेट (पेशींना ऑक्सिजन वापरता येत नसल्याची खूण) ८ ते १० च्या वर, द्रव देऊनही उतरत नाही, तर सायनाइडचा विचार करा. फोम, प्लॅस्टिक, रेक्झिन जळतं तिथे तो तयार होतो. हायड्रॉक्सोकोबालामिन ५ ग्रॅम हे उत्तम औषध, पण लहान रुग्णालयांत ते सहसा नसतं. सोडियम थायोसल्फेट असेल तर १२.५ ग्रॅम सावकाश शिरेतून. नायट्राइट मात्र धुरातल्या रुग्णाला देऊ नका. ते हिमोग्लोबिनचा आणखी एक हिस्सा निकामी करतं, आणि इथे काम करणारं हिमोग्लोबिन आधीच कमी उरलेलं असतं.

ट्यूब कधी

चेहरा भाजला की लगेच ट्यूब, असा सरसकट नियम करू नका. उघड्यावर भडका उडाला, भुवया जळल्या, आवाज मात्र स्वच्छ आहे, थुंकी गिळता येते, श्वास शांत आहे, अशा रुग्णाला डोकं ४५ अंश वर करून बसवा, दर तासाला आवाज ऐका, घसा पाहा. उगाच घातलेल्या ट्यूबचेही दुष्परिणाम आहेतच.

पण घशाची सूज पहिल्या १२ ते ३६ तासांत वाढतच जाते. सकाळी सहज जाणारी ट्यूब रात्री जाणार नाही. म्हणून आवाज बसत चालला असेल, शिट्टी येत असेल, तोंडाच्या आत भाजलं असेल, मान चहूबाजूंनी खोल भाजली असेल, किंवा एकूण भाजणं ४० टक्क्यांच्या वर असून भरपूर द्रव द्यावा लागणार असेल, तर थांबू नका. आणि रुग्णाला घाटातून चार तास पाठवायचं असेल तर शंका ट्यूबच्या बाजूने सोडवा. वळणावळणाच्या रस्त्यावर अॅम्ब्युलन्समध्ये सुजलेल्या घशात ट्यूब घालायला कोणालाच जमत नाही. घट्ट मास्कचा व्हेंटिलेटर, म्हणजे बायपॅप, भाजलेल्या चेहऱ्यावर आणि सुजणाऱ्या घशावर लावून वेळ काढू नका.

भूल देण्याआधी एक मिनिट काढा. ट्यूब गेली की रुग्णाचा आवाज गेला, कदाचित कायमचा. नाव, वजन, औषधांची अॅलर्जी, शेवटचं कधी जेवला आणि काय घडलं, हे त्याच्याच शब्दांत विचारून वेळेसह केसपेपरवर लिहा. भाजल्याची केस मेडिको-लीगल असते, पोलिसांना कळवायचंच असतं. तो शुद्धीवर असेल आणि जबाब घेणारे हजर असतील तर उत्तम, पण त्यांची वाट बघत घसा बंद होऊ देऊ नका. नातेवाइकांशी दोन शब्द बोलू द्या.

ट्यूब घालताना

हाताशी असलेल्यांतल्या सर्वांत अनुभवी माणसाने घालावी. पहिला प्रयत्न हाच सर्वांत चांगला असतो. प्रत्येक फसलेल्या प्रयत्नाने सूज वाढते. बुजी (ट्यूबला वाट दाखवणारी लवचिक कांडी), ठरलेल्यापेक्षा एक आणि दोन नंबर लहान ट्यूब, सक्शन आणि गळ्यातून वाट काढायचं सामान आधी उघडून ठेवा.

प्रौढाला शक्यतो ८ नंबरची ट्यूब, लहानखुऱ्या बाईला ७.५. मोठी ट्यूब हवी कारण पुढे याच वाटेने बुचं बाहेर काढायची आहेत आणि ब्रॉन्कोस्कोप आत घालायचा आहे. ६.५ च्या ट्यूबमधून यातलं काहीच धड होत नाही. तरी घसा आधीच सुजला असेल तर जी जाईल ती घाला, लहान ट्यूबही चालते.

औषधं: केटामाइन १ ते २ मिग्रॅ प्रति किलो, रक्तदाब कमी असेल तर खालचा डोस. सक्सिनिलकोलिन १ ते १.५ मिग्रॅ प्रति किलो हे भाजल्यापासून पहिल्या २४ तासांतच. त्यानंतर ते पोटॅशियम एकदम वर नेऊन हृदय थांबवू शकतं, आणि हा धोका जखमा भरेपर्यंत, काही महिन्यांपर्यंत राहतो. पाचव्या दिवशी ट्यूब बदलताना ट्रेमध्ये ते औषध असताच कामा नये. तेव्हा रोक्युरोनियम १.२ मिग्रॅ प्रति किलो. भाजलेल्यांना ते पुढच्या आठवड्यांत नेहमीपेक्षा जास्तच लागतं.

ट्यूब गेल्यावर पाच गोष्टी, आणि बहुतेक भाजलेल्या रुग्णापुरत्या खास.

ट्यूब बाहेरून कापू नका. चेहरा फुगला की कापलेली ट्यूब ओठांच्या आत जाते.

खूण दातांजवळची लिहा, ओठांजवळची नको. पुरुषांत साधारण २३, बायकांत २१ सेंटिमीटर. ओठ दोन-तीन सेंटिमीटर पुढे सुजतात, मग ‘ट्यूब २४ वर आहे’ या नोंदीला अर्थ उरत नाही.

चिकटपट्टी लावू नका, ओल्या भाजलेल्या कातडीवर ती टिकत नाही. सुती नाडा ट्यूबभोवती गाठ मारून मानेमागून बांधा, कानांच्या वरून आणि खालून, कानाला दाब न देता.

दर तासाला नाड्याखाली बोट घालून बघा. सूज वाढते तसा तो गालात रुततो, आणि तिसऱ्या-चौथ्या दिवशी सूज उतरली की ढिला पडतो. ट्यूब निसटण्याचे प्रसंग तेव्हाच घडतात.

कफचा, म्हणजे ट्यूबच्या टोकाजवळच्या फुग्याचा, दाब गेजने मोजून २० ते ३० सेंटिमीटर पाणी ठेवा. बोटाने दाबून आलेला अंदाज खरा नसतो.

ही ट्यूब निघाली तर परत जाईलच असं नाही, हे वाक्य बेडच्या वर मोठ्या अक्षरांत लिहून लावा. कूस बदलताना, एक्स-रेची प्लेट सरकवताना, ड्रेसिंगच्या वेळी एक माणूस फक्त ट्यूब धरायला. मामा-मावशींनाही हे समजावून सांगा, कूस बदलायला प्रत्यक्षात तेच असतात.

पहिली सेटिंग

उंची टेपने मोजा. पाणी भरून फुगलेल्या रुग्णाचं वजन काट्यावर कितीही येवो, फुप्फुस उंचीच्या हिशेबाचंच असतं. पुरुषासाठी ५० अधिक ०.९१ गुणिले (उंची वजा १५२.४). बाईसाठी ५० ऐवजी ४५.५. म्हणजे १६५ सेंटिमीटरच्या पुरुषाचं हिशेबी वजन साधारण ६१.५ किलो, आणि ६ मिलीप्रमाणे टायडल व्हॉल्यूम ३७० मिली. १५० सेंटिमीटरच्या बाईचं ४३ किलो आणि २६० मिली. सगळ्यांनाच ५०० लावायची जुनी सवय इथे सर्वांत महागात पडते.

मोड: असिस्ट कंट्रोल, व्हॉल्यूम (दर श्वासाला ठरलेली हवा). प्रेशर मोड वाईट नाही, पण नळीत बूच बसलं की व्हॉल्यूम गुपचूप कमी होत जातं आणि व्हॉल्यूमचा अलार्म नीट लावलेला नसेल तर कळत नाही. नव्यांनी व्हॉल्यूम मोडवरच राहावं.

रेट (मिनिटाला श्वास) २० पासून सुरू करा. भाजलेल्या शरीराची भट्टी जोरात चालते, कार्बन डायऑक्साइड जास्त तयार होतो. मिनिटाला १० ते १२ लिटर हवा लागणं नेहमीचं. ३७० मिली आणि २० म्हणजे ७.४ लिटरच, म्हणून अर्ध्या तासाने एबीजी बघून रेट २८ पर्यंत न्यावा लागू शकतो. ३५ च्या वर जाऊ नका. पीएच ७.२५ च्या वर असेल तर वाढलेला कार्बन डायऑक्साइड सोसायला हरकत नाही, डोक्याला मार नसेल तर.

पीप (श्वास सोडल्यावरही आत राखलेला दाब) ५ ते ८. एफआयओटू (दिलेल्या हवेतला ऑक्सिजन) १०० टक्के. कार्बन मोनॉक्साइडचा काळ संपला की सॅचुरेशन ९२ ते ९६ राहील इतकं खाली आणा. प्लॅटू प्रेशर (मोजायची रीत पुढे आहे) ३० च्या आत, आणि प्लॅटू वजा पीप १५ च्या आत.

हाय प्रेशर अलार्म वाजला

इन्स्पिरेटरी होल्डचं (श्वास आत घेतल्यावर रोखून धरणारं) बटण शोधून ठेवा. रुग्ण स्वतः जोर लावत नसताना अर्धा ते एक सेकंद दाबा. जो स्थिर आकडा येतो तो प्लॅटू. पीक (श्वास आत जातानाचा सर्वांत जास्त दाब) आणि प्लॅटू असे दोन आकडे शेजारी शेजारी, दर चार तासांनी, चार्टवर.

पीक वाढलंय, प्लॅटू तेवढंच आहे, दोघांत १० पेक्षा जास्त अंतर, उदाहरणार्थ पीक ४५, प्लॅटू २४. अडथळा नळीत आहे. ट्यूब चावली जातेय, वाकलीय, सर्किटमध्ये पाणी साचलंय, फिल्टर भिजलाय, ट्यूबमध्ये बूच आहे किंवा श्वासनलिका आकसल्यात. मशीनकडून रुग्णाकडे हाताने चाचपत जा. सक्शन कॅथेटर पूर्ण आत जातो का बघा. मध्येच अडत असेल तर बूच ट्यूबमध्येच आहे.

दोन्ही वाढलेत, पीक ४५ आणि प्लॅटू ३९, तर फुप्फुस फुगायला जागा नाही. मग चार कारणं: ट्यूब उजव्या बाजूला खोल गेली, न्यूमोथोरॅक्स (फुप्फुसाबाहेर छातीत साठलेली हवा), फुप्फुसात पाणी किंवा एआरडीएस (दोन्ही फुप्फुसांना आलेली गंभीर सूज), आणि भाजलेल्यांचं खास कारण म्हणजे आवळलेली छाती किंवा तटतटलेलं पोट. दोन्ही बाजूंना स्टेथोस्कोप लावा, दातांची खूण तपासा, अल्ट्रासाउंड असेल तर फिरवा, आणि चादर काढून छाती बघा. चादर काढायची राहून जाते.

छातीभोवतीची जळालेली कातडी कडक, पांढरट किंवा तपकिरी, दाबल्यावर न दबणारी असेल, छाती हलत नसेल आणि प्लॅटू तासागणिक चढत असेल, तर उपाय मशीनमध्ये नाही, एस्कारॉटमीत, म्हणजे ही कातडी चिरून मोकळी करण्यात आहे. दोन्ही बाजूंना काखेच्या पुढच्या रेषेवर हंसळीच्या खालून बरगड्यांच्या कडेपर्यंत उभे छेद, आणि खाली त्यांना जोडणारा आडवा छेद. खोली चरबी दिसेपर्यंत, त्याखालच्या स्नायूत नाही. कॉटरी (रक्त थांबवणारं विजेचं उपकरण) हाताशी हवी, रक्त बरंच येतं, आणि वेदनाशामक पूर्ण द्या, कारण छेदाच्या कडेला जिवंत कातडी असते. हे काम सर्जनचं. नव्या मेडिकल ऑफिसरचं काम सर्जनला रात्री दोन वाजता उठवणं, आणि फोनवर ‘छाती टाइट वाटतेय’ असं मोघम न सांगता ‘प्लॅटू चार तासांत २६ वरून ३८ वर गेलं, छातीला चहूबाजूंनी खोल भाजलंय’ असं सांगणं. छेद नीट झाला तर आकडा टेबलावरच उतरताना दिसतो.

पोट फुगलेलं असेल तर कॅथेटरमधून मूत्राशयाचा दाब मोजा. २० मिमी पाऱ्याच्या वर आणि लघवी कमी, तर तीही सर्जनची केस. बहुतेकदा त्यामागे जास्त दिलेलं सलाईन असतं.

तिसराही एक प्रकार आहे. आकडे फारसे वाईट नाहीत, पण रक्तदाब पडतोय आणि स्क्रीनवर बाहेर जाणाऱ्या हवेची रेषा शून्याला टेकण्याआधीच पुढचा श्वास सुरू होतोय. हवा आत साठतेय. सर्किट काही सेकंद सुटं करा, छातीवर हलका दाब द्या. रक्तदाब सुधारला तर निदान झालं. रेट कमी करा, बाहेर सोडायचा वेळ वाढवा, १ ला ३ किंवा ४.

आणि कारण काही केल्या कळत नसेल, सॅचुरेशन घसरत असेल, तर मशीन काढून अॅम्ब्यू बॅगने १०० टक्के ऑक्सिजनवर हाताने श्वास द्या. बॅग सहज दबली तर दोष मशीनचा किंवा सर्किटचा, कडक लागली तर रुग्णाचा.

बुचांशी झुंज

धुराने जळलेलं अस्तर दुसऱ्या-तिसऱ्या दिवसापासून सुटायला लागतं. फायब्रिनच्या धाग्यांत गुंफलेले काळे-पांढरे तुकडे निघतात, कधी कधी फांदीसारखे, नळीच्या आकाराचेच. इथे कामाला येते ती उब, ओल आणि चिकाटी.

गरम पाण्याचा ह्युमिडिफायर लावा, साध्या एचएमई फिल्टरवर (रुग्णाच्याच श्वासातली उब-ओल धरून ठेवणाऱ्या) भागवू नका. वाय-पीसजवळ (सर्किटच्या दोन्ही नळ्या ट्यूबला मिळतात तिथे) ३७ अंश. कोकणात एक गैरसमज हमखास ऐकू येतो: ‘हवा एवढी दमट आहे, ह्युमिडिफायर कशाला?’ बाहेर श्रावण असला तरी सिलिंडरातला आणि पाइपातला वायू कोरडा ठणठणीत असतो. भांड्यात निर्जंतुक पाणीच घाला. आणि आपल्याकडे एसीच्या गार झोतात सर्किटमध्ये भराभर पाणी साचतं, ते रुग्णाकडे जाऊ न देता वॉटर ट्रॅपमध्ये ओता.

नेब्युलायझेशनचा नेहमीचा क्रम: साल्ब्युटामॉल २.५ मिग्रॅ, हेपारिन ५००० ते १०००० युनिट ३ मिली सलाईनमध्ये दर ४ तासांनी, आणि मधल्या वेळांत २० टक्क्यांचं एन-अॅसिटिलसिस्टीन ३ मिली, तेही दर ४ तासांनी. म्हणजे दर दोन तासांनी काहीतरी एक, ट्यूब असेपर्यंत किंवा ७ दिवस. अॅसिटिलसिस्टीनने नलिका आकसू शकतात म्हणून साल्ब्युटामॉल आधी. हेपारिनची बाटली दोनदा वाचा. ५ मिलीच्या एका बाटलीत ५००० युनिट असतात, तशाच दिसणाऱ्या दुसरीत २५०००. या उपचाराच्या फायद्याबद्दल अभ्यासांचं एकमत नाही, पण काजळी आणि बुचं स्पष्ट दिसत असतील तर तो द्यावा असं आमचं मत. कुठून रक्तस्राव होत असेल तर हेपारिन थांबवा.

यात एक खोच आहे. नेब्युलायझेशनचे कण बाहेर जाताना एक्स्पिरेटरी फिल्टरवर बसतात आणि तो हळूहळू चोंदतो. श्वास बाहेर पडत नाही, पीप आपोआप वाढतं, आणि सगळे रुग्णाला दम्याची औषधं देत बसतात. अशा रुग्णाचा फिल्टर निदान रोज, आणि शंका आली की लगेच बदला. ट्यूबजवळ एचएमई असेल तर नेब्युलायझेशनआधी काढा, नाहीतर सगळं औषध त्यातच अडकतं.

सक्शन घड्याळ पाहून नाही, गरज पाहून. ८ च्या ट्यूबला १२ फ्रेंचचा कॅथेटर, म्हणजे ट्यूबच्या आतल्या व्यासाच्या निम्म्याहून जाड नाही. आधी १०० टक्के ऑक्सिजन, उणे ८० ते १२० मिमीचा जोर, आत-बाहेर मिळून १५ सेकंद. निघालेल्या स्रावाचा रंग आणि प्रमाण लिहा. काळा, मग तपकिरी, मग पिवळा झाला आणि ताप वाढला तर कल्चर पाठवा. धूर गेला म्हणून पहिल्या दिवसापासून अँटिबायोटिक किंवा स्टिरॉइड देऊ नका. त्याने फायदा होत नाही, जंतू मात्र चिवट होतात.

बूच ट्यूबमध्येच बसलं, सक्शन जात नाही, हवा जात नाही, तर ट्यूब बदलावी लागते. हे घाईत करायचं नाही म्हणूनच बुजी आणि औषधं बेडजवळ भरलेली ठेवायची. सूज शिगेला असेल तर ऑपरेशन थिएटरमध्ये, सर्जन शेजारी उभा करून.

बाकीचं थोडक्यात

रिंगर लॅक्टेट २ ते ४ मिली गुणिले किलो गुणिले भाजल्याचे टक्के, निम्मं भाजल्यापासूनच्या पहिल्या ८ तासांत. वेळ भाजल्यापासून मोजायची, दवाखान्यात पोचल्यापासून नाही. गुहागरच्या टोकाच्या वाडीतून यायला ३ तास गेले तर तुमच्याकडे ५ उरले. धूर गेलेल्याला द्रव थोडा जास्त लागतो, पण लघवी ताशी ०.५ मिली प्रति किलो येत असेल तर आणखी ओतू नका, ते फुप्फुसातच उतरतं.

डोकं ३० ते ४५ अंश वर. तोंड रोज दोनदा घासून स्वच्छ. नळीतून अन्न पहिल्या दिवसापासून. वेदनाशामक आधी, गुंगी नंतर: फेंटानिल, केटामाइन, लागेल तितकंच मिडाझोलाम. ड्रेसिंगच्या वेळी वाढवा, नंतर परत उतरवा. ड्रेसिंगसाठी वाढवलेला मिडाझोलामचा पंप तसाच चालू राहिल्यामुळे चार-चार दिवस जास्त व्हेंटिलेटरवर राहिलेले रुग्ण कमी नाहीत.

पीएओटू (धमनीतल्या ऑक्सिजनचा दाब) भागिले एफआयओटू १५० च्या खाली राहिलं तर पालथं झोपवणं, सलग १६ तास, भाजलेल्यांतही करता येतं. चेहऱ्याची सूज, ट्यूब आणि नव्या ग्राफ्टचा (जखमेवर लावलेल्या कातडीचा) विचार सर्जनबरोबर करून.

ऑक्सिजन आणि वीज

जून २०२० चं निसर्ग वादळ आणि जुलै २०२१ चा चिपळूणचा पूर ज्यांनी पाहिला त्यांना वेगळं सांगायला नको. व्हेंटिलेटरची बॅटरी किती वेळ चालते हे माहितीपत्रकावरून ठरवू नका. टेस्ट लंग (रबरी नकली फुप्फुस) लावून, वायर काढून, घड्याळ लावून मेमध्ये एकदा मोजा. खाऱ्या हवेने सॉकेटचे पॉइंट आणि सिलिंडरच्या चाव्या गंजतात, त्याही तेव्हाच बघून घ्या. प्रत्येक बेडला अॅम्ब्यू बॅग लटकलेलीच हवी.

हिशेब असा. जंबो म्हणजे डी टाइप सिलिंडरात भरलेला असताना साधारण ७००० लिटर, बी टाइपमध्ये १५००. मिनिटाला १२ लिटर, १०० टक्क्यांवर: जंबो साडेनऊ तास, बी टाइप दोन तास. एफआयओटू ५० टक्क्यांवर आणलं तर मिनिट व्हॉल्यूम (मिनिटाला लागणारी हवा) गुणिले (०.५० वजा ०.२१) भागिले ०.७९, म्हणजे मिनिटाला ४.४ लिटरच, आणि जंबो एक दिवसाहून जास्त पुरतो. हा हिशेब टर्बाइनच्या, बाहेरची हवा स्वतः ओढणाऱ्या मशीनचा. बायस फ्लो (मशीन सर्किटमधून सतत सोडतं तो वायू) आणि गळती वेगळी. गेज अर्ध्यावर आला की वेळही अर्धा.

रुग्ण घाटातून पाठवताना प्रवासाच्या वेळेच्या दुप्पट ऑक्सिजन घ्या. निघण्याआधी वाहतुकीच्या व्हेंटिलेटरवर अर्धा तास इथेच ठेवून बघा, तिथे सॅचुरेशन टिकलं तरच निघा. छाती आवळलेली असेल तर एस्कारॉटमी करून पाठवा, वाटेत होत नाही. ट्यूब, नाडा, कफ, दोन शिरेच्या लाइन, लघवीची नळी, रिकामं केलेलं पोट, गरम पांघरूण. चिठ्ठीत भाजल्याची वेळ, ट्यूबचा नंबर आणि दातांची खूण, पीक-प्लॅटू, दिलेलं द्रव, लघवी. आणि निघण्याआधी तिकडे बेड आहे का, घाट उघडा आहे का, हे दोन फोन.

मशीनवरून काढताना

चेहऱ्याची सूज उतरलेली, एफआयओटू ४० टक्के, पीप ५ ते ८, खोकला जोरदार, सक्शन दोन-तीन तासांतून एकदाच लागतंय, सांगितलेलं ऐकतोय. मग प्रेशर सपोर्ट (रुग्णाच्या स्वतःच्या श्वासाला मशीनची थोडी मदत) ५ ते ८ वर अर्धा तास. रेट भागिले लिटरमधलं टायडल व्हॉल्यूम १०५ च्या खाली असेल तर पुढची पायरी.

कफची हवा काढून गळती बघा. बाहेर येणारं व्हॉल्यूम निदान ११० मिलीने कमी झालं पाहिजे. गळतीच नसेल तर घसा अजून सुजलेला आहे. दुसऱ्या दिवशी ग्राफ्टिंग ठरलं असेल तर आज ट्यूब काढून उद्या परत घालण्यात अर्थ नाही, सर्जनला आधी विचारा. दहा-चौदा दिवसांत सुटका दिसत नसेल तर ट्रेकिऑस्टॉमी (गळ्यातून थेट श्वासनलिकेत नळी), शक्यतो मानेची कातडी चांगली असलेल्या किंवा ग्राफ्ट धरलेल्या जागेतून.

ट्यूब सकाळी काढा, जेव्हा सगळे हजर असतात. पुढचे २४ तास बुजी, लहान ट्यूब आणि नेब्युलायझेशनसाठी अॅड्रिनलिन बेडजवळ. डिस्चार्जच्या कागदावर लिहा: काही आठवड्यांनी आवाज बसला, चढ चढताना शिट्टी ऐकू आली तर दम्याचा पंप घेत बसू नये, कान-नाक-घशाच्या डॉक्टरांकडून श्वासनलिका तपासून घ्यावी. ट्यूब असलेल्या जागी ती आतून आवळली असू शकते.